वर्षभर ध्यान करूनही राग तसाच का राहतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षभर रोज सकाळी वीस मिनिटं तुम्ही श्वासावर ध्यान करताय. बसलं की शांत वाटतं, अधूनमधून मिटल्या डोळ्यांपुढे प्रकाश दिसतो, अंग हलकं होतं. पण आसनावरून उठून तासही होत नाही तोवर घरच्यांवर किंवा सहकाऱ्यांवर पूर्वीसारखेच खेकसता. म्हणून तुम्ही विचारलंय की आत्मभान जागं झाल्याची खूण कोणती, ते अजून का झालं नाही, बैठक वाढवावी का, की सरळ दहा दिवसांच्या मौन शिबिराला जावं.

मी बरीच वर्षं ध्यान शिकवतो आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे सारखा येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: 'ज्या दिवशी विचार येत राहतात, त्या दिवशीची बैठक वाया जाते.' खरी अडचण मला इथे दिसते. वर्षभर तुम्ही शांत होण्याचा सराव केलात आणि तो तुम्हाला जमलाही आहे. स्वतःकडे पाहण्याचा सराव मात्र त्यात फारसा झालेला नाही. दोन्ही गोष्टी त्याच आसनावर, त्याच श्वासाच्या सोबतीनं होतात, त्यामुळे एक केली की दुसरी आपोआप होतच असेल असं वाटतं. तसं होत नाही. शांतता परिस्थितीवर अवलंबून असते: सकाळची वेळ, बंद दार, कुणी काही मागत नाही, कुणी काही बोलत नाही. दार उघडलं की ती परिस्थिती संपते आणि तिच्याबरोबर शांतताही जाते. ज्याला आपण आत्मभान म्हणतो ते गोंधळातही शाबूत राहायला हवं, आणि त्यासाठी नेमक्या कोणत्या क्षणाचा सराव करायचा हे आधी कळलं पाहिजे.

तो क्षण कोणता, हे एका प्रयोगातून चांगलं समजतं. वेंडी हेसनकँप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना एमआरआय यंत्रात झोपवून श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मन भरकटलंय हे ज्या क्षणी लक्षात येईल, त्या क्षणी एक बटण दाबायचं आणि पुन्हा श्वासाकडे यायचं. त्यातून एक चक्र समोर आलं. मन भरकटतं, भरकटल्याचं लक्षात येतं, लक्ष मागे वळतं, थोडा वेळ टिकतं आणि पुन्हा भरकटतं. 'अरे, मी भलतीकडेच होतो' हे लक्षात येण्याच्या सुमारास मेंदूच्या ज्या भागांची हालचाल वाढलेली दिसली, ते भरकटलेल्या अवस्थेतल्या भागांहून वेगळे होते. हे सगळे सरावलेले साधक होते, तरी त्यांचं मन भरकटतच होतं. साध्या जगण्यात तर हे प्रमाण फारच मोठं आहे. किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० साली २२५० प्रौढांना दिवसभरात मध्येच अचानक विचारलं की या क्षणी तुमचं मन कुठे आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं.

तेव्हा विचार येणं हे बैठक बिघडल्याचं लक्षण नाही. विचारात वाहून गेलो होतो हे कळण्याचा जो क्षण आहे, त्याच्यासाठीच तर आपण बसतो. रागातही आपण असेच वाहून जातो आणि तिथेही सगळा प्रश्न 'वाहून चाललोय' हे कधी कळतं याचाच असतो. वीस मिनिटांत तीस वेळा मन भरकटलं आणि तीस वेळा ते कळलं, तर माझ्या हिशेबी ती उत्तम बैठक झाली. गुंगीसारख्या शांततेत वीस मिनिटं गेली आणि काहीच लक्षात आलं नाही, तर विश्रांती मिळाली. विश्रांतीही हवीच, पण तिच्याकडून राग ओळखायला शिकण्याची अपेक्षा ठेवू नका.

आता एक गोष्ट तुम्ही स्वतः पडताळून पाहा. मन भरकटल्याचं कळतं तेव्हा तुम्ही श्वासाकडे कसे परत येता? तुमच्या वाक्यावरून माझा अंदाज आहे की चिडून येता. 'पुन्हा तेच! आज काही खरं नाही!' असं काहीतरी मनात उमटतं आणि लक्ष श्वासावर आपटलं जातं. तसं होत असेल, तर ज्या रागाबद्दल तुम्ही विचारताय तो रोज सकाळी आसनावरच तुम्हाला भेटतोय. काहीतरी मनासारखं झालं नाही, लगेच आत ताण आला, लगेच दटावणं. घरी मूल ऐकत नाही तेव्हा जे होतं, त्याचीच ही छोटी आवृत्ती आहे. फरक इतकाच की इथे समोर कुणी दुखावणारं माणूस नाही, त्यामुळे नीट पाहायला सवड आहे. इतकी चांगली संधी तुम्ही रोज व्यत्यय म्हणून बाजूला सारताय.

म्हणून बैठक वाढवू नका. वीस मिनिटंच ठेवा, फक्त आतलं काम बदला. पहिली चारपाच मिनिटं श्वास, जसं करताय तसंच. त्यानंतर मन भरकटल्याचं कळलं की घाईनं परत फिरायचं नाही. एक श्वासभर थांबायचं. मन कुठे होतं, त्याला मनातल्या मनात एका शब्दाचं नाव द्यायचं: 'आखणी', 'आठवण', 'भांडण', 'स्वप्न', 'काळजी'. तपशिलात शिरायचं नाही, भांडण कुणाशी आणि कोण चूक हे सगळं सोडून द्यायचं. मग शरीरात काय चाललंय ते पाहायचं आणि हळूच श्वासाकडे यायचं. नाव देण्याला आधार आहे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की भावना व्यक्त करणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं पाहताना त्या भावनेला शब्द दिला, तर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाचा प्रतिसाद कमी होतो. भीतीसारख्या तीव्र भावनांमध्ये हाच भाग सक्रिय असतो. माझ्या वर्गांतही हेच दिसतं. नाव दिलं की माणूस भावनेपासून जरासा बाजूला होतो, तिच्याकडे बघू शकतो. नाव मात्र साधं हवं. लोक दोन आठवड्यांत मोठमोठी विश्लेषणं करायला लागतात आणि मग ते विश्लेषणच नवं भरकटणं होऊन बसतं.

प्रकाश दिसणं आणि अंग हलकं होणं याबद्दल फार लिहीत नाही. एकाग्रता वाढली की असं अनेकांना होतं, काहींना कधीच होत नाही, आणि त्यावरून कुणी पुढे गेलंय की मागे राहिलंय हे सांगता येत नाही. दिसला तर दिसला. वाट मात्र पाहू नका.

खरं काम आसनाबाहेर आहे. 'राग एकदम येतो' असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. माझ्याकडे एक गृहस्थ येत. हाताखाली बरीच माणसं, दिवसभर फोन. त्यांचंही हेच म्हणणं होतं की रागाला काही पूर्वसूचनाच नसते. मी त्यांना राग आवरायला सांगितलं नाही. फोनवर कुणी 'काम आज होणार नाही' म्हणालं की शरीरात काय काय होतं आणि कोणत्या क्रमानं होतं, एवढंच टिपायला सांगितलं. काही आठवड्यांनी त्यांनी आणलेली नोंद मला अजून आठवते. आधी जीभ वरच्या दातांना आतून दाबली जाते. मग श्वास सोडता सोडता मध्येच अडतो. मग समोरच्याचं वाक्य संपायच्या आत डोक्यात आपलं वाक्य तयार व्हायला लागतं, आणि ते दरवेळी एकाच शब्दांनी सुरू होतं: 'किती वेळा सांगायचं.' मग कानांच्या पाळ्या गरम होतात. आवाज चढतो तो या सगळ्यानंतर. जीभ दाबली जाण्यापासून आवाज चढेपर्यंत काही सेकंद जात होते आणि इतकी वर्षं त्यांना ते सेकंद ठाऊकच नव्हते. मग मी एवढंच सांगितलं की अडकलेला श्वास पूर्ण सोडा आणि मग काय बोलायचं ते बोला. रागावायचं असेल तर रागवा, पण श्वास सोडून झाल्यावर.

तुमचा क्रम वेगळा असेल. कुणाची पोटात खड्डा पडण्यापासून सुरुवात होते, कुणाची खांद्यापासून, कुणाला ऐकू येणंच कमी होतं. तो तुम्हालाच शोधावा लागेल, पण सापडतो.

यात एक टप्पा असा येतो की तिथे बरेच जण सोडून देतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीला आपण चिडलो होतो हे तासाभरानं कळतं. पुढे ते भांडण चालू असतानाच कळायला लागतं, आणि हा काळ फार त्रासाचा असतो. आपलाच चढलेला आवाज आपल्याला ऐकू येतो, समोरच्याचा उतरलेला चेहरा दिसतो, तरी तोंड थांबत नाही. पूर्वी निदान कळत तरी नव्हतं! या टप्प्यावर माणसं येऊन सांगतात की ध्यानानं मी बिघडलो, आता जास्तच चिडतो. चिडणं बहुतेक वेळा तेवढंच असतं, फक्त आता ते दिसायला लागलेलं असतं. तुम्ही खूण विचारली होती ना? मी या खुणेवर भरवसा ठेवतो. तासानं कळत होतं ते दहा मिनिटांत कळायला लागलं, मग भांडणाच्या मध्येच, मग वाक्य ओठांवर असताना. हे अंतर कमी होत असेल तर तुमची वाट बरोबर आहे, मग बैठकीत काही दिसो न दिसो. आणि ते सरळ रेषेत कमी होत नाही. झोप अपुरी झाली, आजारपण आलं, कामाचा ताण वाढला, की पुन्हा तासावर जातं.

आता 'का' या प्रश्नाबद्दल. स्वतःला ओळखायला निघालेली माणसं लगेच कारणं शोधायला लागतात. मी असा का आहे, मला इतका राग का येतो, लहानपणी काय झालं. प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याची उत्तरं फार भरवशाची नसतात. निस्बेट आणि विल्सन यांचा १९७७ सालचा एक जुना प्रयोग आहे. ग्राहकांपुढे नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड मांडले आणि सगळ्यात चांगला निवडायला सांगितलं. चारही जोड अगदी एकसारखे होते. तरी उजव्या टोकाचा जोड डाव्या टोकाच्या जोडापेक्षा जवळपास चौपट वेळा निवडला गेला. हाच का निवडला असं विचारल्यावर लोकांनी पोत, वीण अशी कारणं सांगितली. मांडणीतल्या जागेचा उल्लेख कुणीच केला नाही, आणि तसं सुचवल्यावरही जवळजवळ सगळ्यांनी ते नाकारलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपलं मन रिकाम्या जागी पटेल असं कारण तयार करून ठेवतं आणि ते आपल्याला ठरवलेलं न वाटता सापडलेलं वाटतं. रागाच्या बाबतीत तर हे फार सोयीचं पडतं, कारण तयार होणारं कारण बहुधा समोरच्याकडे बोट दाखवणारं असतं.

म्हणून रात्री लिहायला बसा, पण 'का' बाजूला ठेवून. दिवसातला एकच प्रसंग घ्या. काय घडलं, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. शरीरात काय झालं. मनात कोणतं वाक्य आलं, जसंच्या तसं. आणि त्या क्षणी मला काय हवं होतं, किंवा कशाची भीती वाटत होती. दहा मिनिटांत वही बंद. जास्त वेळ लिहिलं की उगाळणं सुरू होतं. त्यातून समज वाढत नाही, मन तेवढं जड होतं. लिहून झाल्यावर थोडं मोकळं वाटतंय की आणखी अपराधी वाटतंय, यावरून आपण पाहत होतो की उगाळत होतो ते ओळखता येतं. महिनाभरानं सगळी पानं एकदम वाचा. प्रसंग वेगवेगळे असतात, पण 'हवं होतं' आणि 'भीती होती' या ओळींमध्ये तेच तेच शब्द परत परत येतात. 'का'चं उत्तर मिळायचंच असेल तर ते या परत येणाऱ्या शब्दांत मिळतं, तेही न शोधता.

जे वहीतही दिसत नाही ते इतरांना दिसतं. घरातल्या एखाद्या माणसाला, जे तुमची भीड न ठेवता बोलेल अशाला, शांत वेळी एकच प्रश्न विचारा: 'मी चिडायच्या आधी तुला कशावरून कळतं?' माझा स्वभाव कसा आहे असलं काही विचारू नका, त्याची उत्तरं सांभाळून दिली जातात. या प्रश्नाला मात्र नेमकं उत्तर मिळतं. 'तू वस्तू जोरात ठेवायला लागतोस', 'तू एकदम फार गोड बोलायला लागतेस', 'तू माझ्याकडे बघणं बंद करतोस'. ऐकल्यावर खुलासा करायचा नाही. 'बरं' म्हणायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही, पण सहा महिन्यांच्या बैठकीतून न कळणारी गोष्ट कधी कधी या एका वाक्यातून कळते.

इथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. सगळाच राग कमी करण्याजोगा नसतो. एक बाई माझ्याकडे आल्या त्या 'मला सगळं शांतपणे सोसता यावं' म्हणून. बसायला लागल्या, टिपायला लागल्या. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की पोटातला तो जडपणा दिवसभर नसतोच. ज्या फोनवर आजारी आईचं सगळं त्याच बघतील हे भावंडं न विचारता धरून चालतात, तेवढ्या फोननंतरच तो येतो. त्यांचा राग बरोबर होता. तो गिळायला शिकवणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय झाला असता. त्यांनी भावंडांना एकत्र बसवून कामाची वाटणी केली. बोलताना आवाज कापत होता, पण चढला नाही. ध्यानाचा उपयोग निमूटपणे सहन करायला होत असेल तर कुठेतरी चुकतंय. तुमच्या रागातही असं एखादं खरं गाऱ्हाणं दडलेलं असू शकेल, आणि ते असेल तर केवळ श्वास सोडून भागणार नाही. जे बोलायचं राहिलंय ते बोलावं लागेल.

तुमच्याबद्दल मला माहीत नाही अशा बऱ्याच गोष्टींवर पुढचं अवलंबून आहे. झोप किती होते? मन सतत उदास असतं का? पूर्वी एखादा मोठा आघात झालाय का? चिडचिड ही झोपेच्या अभावाची, नैराश्याची किंवा थायरॉइडसारख्या शारीरिक तक्रारीचीही खूण असू शकते. तेव्हा शंका असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. गोयल आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ध्यानावरच्या ४७ चाचण्या आणि ३५१५ जणांची माहिती एकत्र करून तपासली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानानं बेताचा फायदा दिसला, पण औषधं किंवा व्यायाम अशा इतर उपायांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. मी स्वतः ध्यान शिकवतो आणि त्यावर माझी श्रद्धा आहे, तरी ते उपचारांच्या जागी वापरू नये हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशीच सांगतो. डोळे मिटून बसल्यावर धडधड वाढते, जुने प्रसंग जसेच्या तसे समोर येतात, आपण आपल्या शरीरातच नाही असं वाटतं, असं काही होत असेल तर जोर लावू नका. डोळे उघडे ठेवून चालताना पावलांवर लक्ष ठेवा, वेळ कमी करा आणि जाणकार माणसाशी बोला. २०१७ साली लिंडाल, ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी साधकांच्या आणि शिक्षकांच्या मुलाखती घेऊन ध्यानातल्या अशा अवघड अनुभवांची सविस्तर नोंद केली आहे. म्हणजे असं होणारे तुम्ही एकटे नसाल, आणि तो तुमचा कमकुवतपणाही नाही.

राहिला शिबिराचा प्रश्न. अशा शिबिरांत दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं असतं. बोलणं, वाचणं, फोन सगळं बंद. वीस मिनिटांवरून एकदम तिथे जाणं अनेकांना झेपतं, काहींना अजिबात झेपत नाही, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे आधी सांगता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर वर सांगितलेलं चारपाच महिने केलं असतं, मग घरीच अर्ध्या दिवसाचं मौन, मग एक पूर्ण दिवस, आणि तो दिवस ठीक गेला तर शिबिरासाठी नाव दिलं असतं. नाव देताना मानसिक आजाराचा इतिहास किंवा चालू असलेली औषधं असतील तर ती लपवू नका, आणि औषधं आपल्या मनानं बंद करून जाऊ नका. परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं टाळा. दोन दिवस मोकळे ठेवा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की या दोन दिवसांत मी कदाचित कमी बोलेन किंवा लहानसहान गोष्टींनी दचकेन. इतक्या शांततेनंतर भांड्याचा आवाजही मोठा वाटतो, आणि शिबिराहून आलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी चिडला तर घरच्यांपेक्षा तोच जास्त खचतो.